अमेरिकेतली नॅशनल मॉन्युमेंट्स: दर्जा कोण देतं, पैसा कोण देतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘मॉन्युमेंट’ म्हटलं की पुतळा किंवा मनोरा डोळ्यांसमोर येतो. अमेरिकी कायद्यात मात्र नॅशनल मॉन्युमेंट हा जमिनीला, आणि अलीकडे समुद्रालाही, दिला जाणारा दर्जा आहे. त्यात दऱ्या येतात, जंगलं येतात, जीवाश्म येतात आणि न्यूयॉर्कमधली एखादी छोटी बागही येते. या पानावरचे बहुतेक प्रश्न फिरून एकाच ठिकाणी येतात: दर्जा एका सहीनं मिळतो, पैसा दरवर्षी वेगळा मागावा लागतो.

नॅशनल पार्क आणि नॅशनल मॉन्युमेंट यांत फरक काय?

नॅशनल पार्क फक्त काँग्रेस, म्हणजे अमेरिकी संसद, कायदा करून तयार करते. मॉन्युमेंटला दोन वाटा आहेत: 1906 च्या अँटिक्विटीज ॲक्टखाली राष्ट्राध्यक्षांची घोषणा, किंवा काँग्रेसचा स्वतंत्र कायदा. वॉशिंग्टन राज्यातलं माउंट सेंट हेलेन्स (1982) आणि युटामधलं जुरासिक (2019) ही दोन्ही कायद्यानं झालेली मॉन्युमेंट्स आहेत.

कारभार नॅशनल पार्क सर्व्हिसकडेच असतो, हा सर्रास आढळणारा गैरसमज. ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट, फॉरेस्ट सर्व्हिस, फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिस आणि समुद्री मॉन्युमेंट्ससाठी नोआ (समुद्र आणि हवामानाचं केंद्रीय खातं), या सगळ्यांकडे मॉन्युमेंट्स आहेत. कोणतं खातं सांभाळतं यावर पैसा कोणत्या शीर्षाखाली येणार हे ठरतं. त्यामुळे निधीची चौकशी करताना आधी खात्याचं नाव शोधा.

1906 चा कायदा आला तरी कशामुळे?

नैऋत्य अमेरिकेतल्या प्राचीन वस्त्यांची लूट हे मुख्य कारण. 1891 मध्ये स्वीडनचे गुस्ताफ नॉर्डनशोल्ड यांनी कोलोरॅडोतल्या मेसा व्हर्देच्या कड्यांतल्या घरांमधून मोठा संग्रह बाहेर नेला. त्यांना अडवता येईल असा कायदाच नव्हता. त्या संग्रहाचा बहुतेक भाग आज फिनलंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. न्यू मेक्सिकोतल्या चाको दरीत रिचर्ड वेदरिल यांचं खोदकाम चालू होतं, त्यावरूनही ओरड झाली.

आयोवाचे काँग्रेस सदस्य जॉन लेसी यांनी विषय लावून धरला आणि पुरातत्त्वज्ञ एडगर ली ह्युएट यांनी मसुदा बसवला. आधीच्या काही मसुद्यांमध्ये एका जागेसाठी 320 किंवा 640 एकरांची मर्यादा होती. अंतिम कायद्यात आकडा गेला आणि त्या जागी ‘वस्तूंची नीट देखभाल होईल इतकं कमीत कमी क्षेत्र’ अशा अर्थाचे शब्द आले. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी 8 जून 1906 रोजी सही केली. पुढच्या शंभर वर्षांतले अनेक खटले क्षेत्राबद्दलच्या या शब्दांभोवती फिरले आहेत.

कायद्यात शिक्षेचं कलमही होतं: 500 डॉलर दंड किंवा 90 दिवसांची कैद, किंवा दोन्ही. 1974 मध्ये एका अपील न्यायालयानं ते कलम फार मोघम आहे म्हणून बाद ठरवलं. मग 1979 मध्ये पुरातत्त्वीय संपत्तीसाठी वेगळा आणि कडक कायदा करावा लागला.

‘कमीत कमी क्षेत्र’ म्हणजे नेमकं किती?

पहिलं मॉन्युमेंट, वायोमिंगमधलं डेव्हिल्स टॉवर (24 सप्टेंबर 1906), सुमारे 1,200 एकरांचं. दीडच वर्षात, जानेवारी 1908 मध्ये, रूझवेल्ट यांनी ग्रँड कॅन्यनचे 8 लाख एकर घोषित केले. राल्फ कॅमेरॉन नावाच्या गृहस्थांचे तिथे खाणीचे दावे होते आणि पायवाटेवर ते पर्यटकांकडून टोल घेत. ‘ही काही प्राचीन वस्तू नव्हे’ म्हणत ते न्यायालयात गेले. 1920 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की ग्रँड कॅन्यन ही ‘वैज्ञानिक महत्त्वाची वस्तू’ आहे. तिथून एकरांचं बंधन व्यवहारात सैल झालं.

1976 च्या कॅपर्ट खटल्यात तर नेव्हाडातल्या डेव्हिल्स होल या पाण्याच्या कुंडातले इवलेसे मासेही संरक्षित वस्तू ठरले, आणि शेजारच्या शेतमालकांच्या पाणी उपशावर मर्यादा आली. 2021 मध्ये सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी अटलांटिकमधल्या समुद्री मॉन्युमेंटचं प्रकरण ऐकायला नकार देताना स्वतंत्र टिपण लिहिलं: ‘कमीत कमी क्षेत्र’ या शब्दांना काही अर्थ उरला आहे का, असा त्याचा सूर होता. तो निकाल नव्हे, पण पुढच्या घोषणांचे मसुदे लिहिणारे वकील ते टिपण वाचूनच बसतात. म्हणून अलीकडच्या घोषणांमध्ये प्रत्येक दरी, चित्र आणि वनस्पतीची पानंच्या पानं यादी दिसते.

घोषणा होते कशी? लोकांना आधी विचारतात का?

विचारावंच लागतं असं नाही. भारताच्या 1958 च्या पुरातत्त्व कायद्यात एखादं स्थळ राष्ट्रीय महत्त्वाचं ठरवण्याआधी केंद्राला दोन महिन्यांची सूचना काढून हरकती मागवाव्या लागतात. अँटिक्विटीज ॲक्टमध्ये अशी पायरी नाही. पर्यावरणीय आढाव्याचा कायदाही इथे लागू होत नाही, कारण तो सरकारी खात्यांना बांधतो, राष्ट्राध्यक्षांना नाही. युटातल्या बेअर्स इअर्ससारख्या ठिकाणी आधी जाहीर सभा झाल्या, पण तो राजकीय शहाणपणा होता. कायद्याची सक्ती नव्हती.

काम साधारण या क्रमानं होतं. अंतर्गत खातं (इंटिरियर) जागेचा अहवाल बनवतं. मग आपल्याकडे सातबारा तपासतात तशी मालकी तपासली जाते, कारण कायदा फक्त केंद्र सरकारच्या मालकीच्या किंवा ताब्यातल्या जमिनीलाच लागू होतो. खासगी जमीन हद्दीच्या आत आली तरी ती मॉन्युमेंट होत नाही. मालकानं विकली किंवा दान दिली तरच होते. मग नकाशा आणि वस्तूंची यादी बनते, आणि आधीपासूनचे वैध हक्क (चराई, खाणपट्टे, पाणी, वीजवाहिन्या) कसे राहतील याची कलमं लिहिली जातात. सही झाली की घोषणा फेडरल रजिस्टरमध्ये, म्हणजे तिथल्या राजपत्रात, छापली जाते.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो मालकीच्या पायरीवर. न्यूयॉर्कच्या स्टोनवॉल मॉन्युमेंटसाठी (2016) ख्रिस्तोफर पार्क ही जेमतेम 0.12 एकरांची बाग महापालिकेची होती. ती केंद्राला देण्यासाठी आधी न्यूयॉर्क राज्याच्या विधिमंडळाला कायदा करावा लागला.

सही झाली की पैसे लगेच मिळतात का?

नाही. अँटिक्विटीज ॲक्टमध्ये निधीची तरतूदच नाही. राष्ट्राध्यक्ष दर्जा देऊ शकतात, पण तिजोरीतून एक डॉलर काढायचा तर काँग्रेसचं विनियोजन विधेयक, म्हणजे खर्चाला मंजुरी देणारं विधेयक, लागतं. सुरुवातीच्या वर्षांत मॉन्युमेंट्सचे राखणदार महिना एक डॉलर नाममात्र पगारावर ठेवत, कारण तेवढाच आधार होता. 1933 पर्यंत कारभारही तीन खात्यांत विखुरलेला होता: अंतर्गत, कृषी आणि युद्ध. त्या वर्षी फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या आदेशानं तेव्हाची सगळी मॉन्युमेंट्स पार्क सर्व्हिसकडे आली. (गंमत म्हणजे ॲरिझोनातल्या कासा ग्रांदेचं उलटं झालं. 1889 मध्ये काँग्रेसनं दुरुस्तीला 2,000 डॉलर दिले, जमीन राखीव झाली 1892 मध्ये, आणि मॉन्युमेंटचा दर्जा मिळाला थेट 1918 मध्ये.)

आजचं वेळापत्रक समजून घेतलं की उशीर का होतो ते कळतं. अमेरिकी आर्थिक वर्ष 1 ऑक्टोबरला सुरू होतं. राष्ट्राध्यक्षांचं अंदाजपत्रक फेब्रुवारीत काँग्रेसकडे जायचं असतं, आणि खात्यांनी आपली मागणी त्याच्या आधीच्या सप्टेंबरात व्हाइट हाउसच्या अर्थसंकल्प कार्यालयाकडे पाठवलेली असते. समजा डिसेंबर 2016 मध्ये घोषणा झाली. त्या वेळी 2017 चं आर्थिक वर्ष चालू आहे आणि 2018 ची मागणी आधीच गेली आहे. म्हणजे रीतसर स्वतंत्र मागणी 2019 च्या वर्षासाठी, ऑक्टोबर 2018 पासून. मधली जवळपास दोन वर्षं शेजारच्या पार्कचा अधीक्षक, उसना रेंजर आणि खात्याच्या सर्वसाधारण शीर्षातली रक्कम यांवर भागवावं लागतं. विनियोजन वेळेवर मंजूर न होता मागच्याच दरानं खर्च चालू ठेवण्याचा तात्पुरता ठराव आला तर नवी कामं सुरू करता येत नाहीत, त्यामुळे मुक्काम आणखी लांबतो. अनेक मोठ्या घोषणा राष्ट्राध्यक्षांच्या शेवटच्या महिन्यांत होतात. पहिली मागणी लिहायची जबाबदारी मग बऱ्याचदा विरोधी पक्षाच्या सरकारवर येते.

आणखी एक बारकावा. काँग्रेसच्या कायद्यानं मॉन्युमेंट झालं तर त्यात ‘आवश्यक तेवढा निधी मंजूर करण्यास परवानगी’ असं वाक्य असतं. हे वाचून पैसे मिळाले असं समजू नका. ती फक्त मागायची परवानगी. रक्कम दुसऱ्या विधेयकातून, दुसऱ्या समितीकडून येते.

पैसाच आला नाही तर काय होतं?

साउथ डकोटातलं फॉसिल सायकॅड पाहा. 1922 मध्ये राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांनी 320 एकर घोषित केले. तिथे सायकॅडसारख्या प्राचीन वनस्पतींचे जगातले उत्तम जीवाश्म जमिनीवर पडलेले होते. पहारा नाही, कुंपण नाही, अभ्यागत केंद्र नाही. देखरेख लांबच्या विंड केव्ह पार्कच्या अधीक्षकाकडे. येणारा जाणारा दगड उचलून नेत राहिला. ज्यांनी संरक्षणासाठी धडपड केली त्या येल विद्यापीठाच्या जॉर्ज वीलँड यांच्या संग्रहातही तिथले नमुने मोठ्या संख्येनं गेले. 1930 च्या दशकात पृष्ठभागावर दाखवण्यासारखं काही उरलं नव्हतं. काँग्रेसनं 1956 मध्ये कायदा केला आणि 1 सप्टेंबर 1957 पासून दर्जा गेला.

आमच्या मते निधीच्या चर्चेत हे उदाहरण ग्रँड कॅन्यनपेक्षा जास्त उपयोगी आहे.

काँग्रेस पैसे मुद्दाम अडवते का?

अडवते, आणि त्याचं ठळक प्रकरण जॅक्सन होलचं. वायोमिंगमध्ये जॉन डी. रॉकफेलर (धाकटे) यांनी स्नेक रिव्हर लँड कंपनीच्या नावानं, स्वतःचं नाव गुप्त ठेवून, सुमारे 35,000 एकर विकत घेतले होते. ते शेजारच्या ग्रँड टेटन पार्कला जोडायची विधेयकं अडकत राहिली. शेवटी फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी 15 मार्च 1943 रोजी 2,21,000 एकरांचं मॉन्युमेंट घोषित केलं. स्थानिक गुरेपालक खवळले. मे महिन्यात त्यांनी निषेध म्हणून मॉन्युमेंटच्या जमिनीवरून गुरं हाकली. अभिनेता वॉलेस बीरी बंदूक घेऊन सोबत होता.

काँग्रेसनं दोन हत्यारं वापरली. पहिलं, मॉन्युमेंट रद्द करणारं विधेयक. ते दोन्ही सभागृहांत मंजूर झालं, पण डिसेंबर 1944 मध्ये रूझवेल्ट यांनी सही न करता ते मरू दिलं. दुसरं जास्त चाललं: अंतर्गत खात्याच्या विनियोजन विधेयकात ‘या मॉन्युमेंटवर खर्च करू नये’ अशी अट. नकाशावर मॉन्युमेंट, पण कारभाराला पैसा नाही, अशी काही वर्षं गेली. वायोमिंग राज्याचा खटला 1945 मध्ये फेटाळला गेला. न्यायाधीशांचं म्हणणं असं की हा काँग्रेस आणि राष्ट्राध्यक्षांमधला वाद आहे, तो काँग्रेसनंच सोडवावा.

तोड 14 सप्टेंबर 1950 ला निघाली. बहुतेक जमीन ग्रँड टेटन पार्कमध्ये गेली, काउंटीला (आपल्या जिल्ह्यासारखा स्थानिक विभाग) बुडालेल्या कराबद्दल काही वर्षं भरपाई ठरली, आणि कायद्यात लिहिलं गेलं की वायोमिंगमध्ये यापुढे काँग्रेसच्या स्पष्ट परवानगीशिवाय मॉन्युमेंट करायचं नाही. ती अट आजही कायम आहे.

अलास्काचा नियम वेगळा का?

तिथेही भांडणातून तोड निघाली. जिमी कार्टर यांनी 1 डिसेंबर 1978 रोजी अलास्कात एकदम 5 कोटी 60 लाख एकर घोषित केले, कारण काँग्रेसमधलं विधेयक अडकलं होतं आणि जमिनींवरच्या तात्पुरत्या संरक्षणाची मुदत संपत होती. 1980 च्या कायद्यानं त्यातल्या बऱ्याच जमिनींना पार्क आणि अभयारण्यांचा दर्जा दिला. सोबत अट घातली: यापुढे अलास्कात 5,000 एकरांपेक्षा मोठं क्षेत्र राखीव केलं तर एका वर्षात काँग्रेसनं संयुक्त ठरावानं मान्यता द्यावी, नाहीतर ते रद्द.

विनियोजन विधेयकातल्या अटी नेहमी विरोधातच असतात का?

नाही. 20 जानेवारी 2001 रोजी मॉन्युमेंट्सच्या ज्या हद्दी होत्या, त्यांच्या आत तेल, वायू, कोळशाचे नवे पट्टे देण्यासाठी पैसा वापरू नये (घोषणेतच मुभा असेल तेवढं सोडून), अशी अट वर्षानुवर्षं विनियोजन कायद्यांत येत राहिली. तारीख नीट पाहा: क्लिंटन यांचा शेवटचा दिवस. नंतर एखाद्या राष्ट्राध्यक्षानं हद्द कापली तरी जुन्या हद्दीतल्या जमिनीवर ही अट लागू राहते. पण ती दरवर्षीच्या विधेयकात असते, म्हणून ती त्या वर्षी आहे की नाही हे प्रत्येक वेळी तपासावं लागतं.

हद्दीतल्या खासगी किंवा राज्याच्या जमिनीचं काय? त्या घ्यायला पैसा कुठून?

मुख्य स्रोत लँड अँड वॉटर कॉन्झर्व्हेशन फंड. 1964 चा कायदा. उत्पन्न मुख्यतः समुद्रातल्या तेल-वायू भाडेपट्ट्यांतून. वर्षाला 90 कोटी डॉलरची मर्यादा 1970 च्या दशकापासून होती, पण काँग्रेस बहुतेक वर्षी त्याहून कमी देत आली. 2019 च्या डिंगेल कायद्यानं फंड कायमचा केला, आणि ऑगस्ट 2020 च्या ग्रेट अमेरिकन आउटडोअर्स ॲक्टनं 90 कोटी सक्तीचे केले. त्याच कायद्यानं रखडलेल्या दुरुस्त्यांसाठी 2021 ते 2025 अशी पाच आर्थिक वर्षं, वर्षाला 190 कोटी डॉलरपर्यंत, वेगळा निधी ठेवला: 70 टक्के पार्क सर्व्हिसला, 15 टक्के फॉरेस्ट सर्व्हिसला, आणि लँड मॅनेजमेंट, वाइल्डलाइफ व आदिवासी शिक्षण खात्याला प्रत्येकी 5 टक्के. वाटणी पाहिलीत तर लक्षात येईल की जमिनीवरची बरीच विस्तीर्ण मॉन्युमेंट्स सांभाळणाऱ्या ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या वाट्याला यातलं फार थोडं आलं.

युटातली गुंतागुंत वेगळी. तिथे दर टाउनशिपमधले (मोजणीसाठी आखलेला 36 चौरस मैलांचा चौकोन) चार ठरावीक चौरस मैल शाळांच्या उत्पन्नासाठी राज्याकडे असतात. 1996 मध्ये क्लिंटन यांनी 17 लाख एकरांचं ग्रँड स्टेअरकेस-एस्कलान्ते घोषित केलं, तेव्हा असे शेकडो तुकडे आत अडकले. 1998 च्या कायद्यानं अदलाबदल झाली, आणि युटाला इतर जमिनी व खनिज हक्कांबरोबर 5 कोटी डॉलर रोख मिळाले. कोळशाचे पट्टे असलेल्या कंपन्यांना वेगळे पैसे मोजावे लागले.

खासगी देणगी चालते का?

जमिनीची देणगी तर 1906 च्या कायद्यातच आहे. म्युअर वुड्स (1908) हे विल्यम केंट यांनी दिलेल्या जमिनीवर उभं राहिलं. रोख रकमेचं आधुनिक उदाहरण मेन राज्यातलं कटाडिन वुड्स अँड वॉटर्स: ऑगस्ट 2016 मध्ये सुमारे 87,500 एकरांबरोबर 2 कोटी डॉलरचा कायम निधी आणि आणखी 2 कोटी जमवण्याचं आश्वासन. काँग्रेसच्या पहिल्या तरतुदीची वाट पाहायला लागू नये हा त्यामागचा सरळ हिशेब. जिथे प्रवेशशुल्क आहे तिथे 2004 च्या कायद्यानुसार किमान 80 टक्के रक्कम सहसा त्याच जागी राहते, पण अनेक मॉन्युमेंट्सना प्रवेशशुल्कच नाही.

काउंटीचा कर बुडतो का?

जमीन आधीपासून केंद्राची असेल तर कर मुळातच मिळत नव्हता. 1976 पासून त्याऐवजी भरपाई मिळते आणि मॉन्युमेंट झाल्यानं ती कमी होत नाही. खासगी जमीन पार्क सर्व्हिससाठी घेतली तर त्या भरपाईशिवाय पाच वर्षं बाजारभावाच्या 1 टक्का जादा रक्कम देण्याची तरतूद आहे. मात्र ही भरपाईही विनियोजनावर अवलंबून असते.

राष्ट्राध्यक्ष मॉन्युमेंट कमी किंवा रद्द करू शकतात का?

हा आजचा सर्वांत पेटलेला प्रश्न. लहान करण्याची उदाहरणं आहेत: राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी 1915 मध्ये माउंट ऑलिम्पस जवळपास निम्मं केलं. पूर्ण रद्द करण्याबद्दल 1938 मध्ये महान्यायवादी होमर कमिंग्ज यांनी मत दिलं की तसा अधिकार नाही. डिसेंबर 2017 मध्ये ट्रम्प यांनी बेअर्स इअर्स सुमारे 85 टक्के आणि ग्रँड स्टेअरकेस जवळपास निम्मं कापलं. ऑक्टोबर 2021 मध्ये बायडेन यांनी दोन्ही हद्दी परत आणल्या, त्यामुळे कपातीच्या अधिकारावर निकाल लागायचा राहूनच गेला. मे 2025 मध्ये न्याय खात्याच्या कायदेविषयक सल्ला कार्यालयानं कमिंग्ज यांचं मत चुकीचं ठरवून रद्द करण्याचा अधिकार आहे असं मत दिलं. अशी मतं सरकारी खात्यांना बांधतात, न्यायालयांना नाही.

काँग्रेसच्या अधिकाराबद्दल वाद नाही. तिनं काही मॉन्युमेंट्स रद्द करून राज्यांना किंवा इतर खात्यांना दिली आहेत, आणि ग्रँड कॅन्यनसारखी अनेक बढती देऊन पार्क केली आहेत.

स्टॅच्यू ऑफ लिबर्टी आणि वॉशिंग्टन मॉन्युमेंट यात बसतात का?

पहिलं बसतं: 1924 मध्ये राष्ट्राध्यक्ष कूलिज यांच्या घोषणेनं. त्याच्या चौथऱ्याला मात्र काँग्रेसनं पैसे दिले नव्हते. 1885 मध्ये जोसेफ पुलित्झर यांच्या वर्तमानपत्रानं लोकवर्गणीतून लाखभर डॉलर उभे केले. वॉशिंग्टनमधला उंच स्तंभ नावानं मॉन्युमेंट असला तरी कायद्यानं या वर्गात नाही. तो खासगी वर्गणीवर सुरू होऊन अर्धवट राहिला होता, आणि 1876 मध्ये काँग्रेसनं ताबा घेऊन 2 लाख डॉलर दिले. राजधानीतली नवी स्मारकं 1986 च्या वेगळ्या कायद्याखाली येतात: बांधकामाचा पैसा प्रायोजकाचा, वर खर्चाच्या 10 टक्के देखभालीसाठी, आणि सात वर्षांत काम सुरू झालं नाही तर परवानगी संपते.

एखाद्या मॉन्युमेंटचा कायदेशीर इतिहास स्वतः कसा शोधायचा?

घोषणेच्या क्रमांकापासून सुरुवात करा. डेव्हिल्स टॉवर 658, ग्रँड स्टेअरकेस 6920. एकाच जागेच्या अनेक घोषणा असू शकतात, म्हणून सगळे क्रमांक लिहून काढा: बेअर्स इअर्सच्या 9558 (निर्मिती), 9681 (कपात) आणि 10285 (पुनर्स्थापना). 1936 नंतरच्या घोषणा फेडरल रजिस्टरमध्ये सापडतात, त्याआधीच्या ‘स्टॅट्यूट्स ॲट लार्ज’ या कायद्यांच्या खंडांत. मूळ कायदा जुन्या संदर्भांत शीर्षक 16, कलम 431 म्हणून दिसेल. डिसेंबर 2014 पासून तो शीर्षक 54, कलम 320301 झाला आहे. जुना क्रमांक टाकून शोधणारे इथेच अडकतात.

निधीसाठी संबंधित खात्याचं त्या वर्षाचं अंदाजपत्रकाचं समर्थन-टिपण काढा आणि त्यातली मागणी वाचा. ती रक्कम मिळालीच असं धरू नका. ती विनियोजन कायद्याशी आणि त्यासोबतच्या समितीच्या अहवालाशी ताडून पाहा, कारण मॉन्युमेंटच्या नावाची वाक्यं बहुधा अहवालात असतात आणि कायद्यात फक्त शीर्षाची एकूण रक्कम असते. शेवटी कायद्याच्या ‘सर्वसाधारण तरतुदी’ हा कंटाळवाणा भाग वगळू नका. खर्चावर बंदी घालणाऱ्या अटी तिथेच असतात.